मेंढ्यांसाठीचा प्रोजेस्टेरॉन स्पंज: माज जमतो, गाभ मात्र मेंढीनेच टिकवायचा

मेंढ्यांचा कळप एकाच आठवड्यात माजावर आणण्यासाठी योनीमार्गात बसवला जाणारा प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचा स्पंज आमच्या अर्धबंदिस्त दख्खनी कळपात वापरून झाला आहे. वेष्टणावर जे काम लिहिलेले असते ते हा स्पंज चोख करतो, परंतु विकत घेणारा ज्या कामाच्या आशेने पैसे मोजतो ते काम त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे, असे माझे मत झाले आहे. घेणाऱ्याला कोकरे हवी असतात आणि स्पंज त्याला माज देतो. या दोहोंच्या मध्ये पाच महिन्यांचा गाभणकाळ असतो, आणि त्यातले पहिले तीन आठवडे सर्वांत नाजूक असतात. त्यांच्याविषयी माझ्या हाती आलेल्या माहितीपत्रकात एक ओळही नव्हती. हे परीक्षण एखाद्या कंपनीचे नसून या प्रकारच्या उत्पादनाचे आहे, म्हणून आम्ही वापरलेल्या ब्रँडचे नाव येथे घेतलेले नाही.

वस्तू दिसायला साधी आहे. पॉलियुरेथेनचा एक छोटा दंडगोल, त्यात मुरवलेले संप्रेरक, मागे लोंबणारी दोरी, आणि तो आत सरकवण्यासाठी एक नळी व दांडा. सिडनी विद्यापीठातील टी. जे. रॉबिन्सन यांनी १९६० च्या दशकात ही पद्धत बसवली आणि जगभरच्या मेंढीपालनात ती तेव्हापासून रुळली आहे. काही स्पंजांमध्ये फ्लुरोजेस्टोन किंवा मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन ही कृत्रिम रूपे असतात, तर काहींमध्ये नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन असते. न्यूझीलंडमध्ये विकसित झालेले, ०.३ ग्रॅम प्रोजेस्टेरॉन असलेले सिलिकॉनचे ‘सीडर’ हे याच कामाचे दुसरे साधन आहे. आपल्याकडे राजस्थानातील अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने ‘अविकेसिल-एस’ या नावाने देशी स्पंज तयार केला आहे, त्यामुळे हे तंत्र आता केवळ आयात मालावर अवलंबून राहिलेले नाही.

स्पंज कसा काम करतो हे समजायला अवघड नाही. मेंढीचे ऋतुचक्र साधारण १७ दिवसांचे असते. स्पंज बारा ते चौदा दिवस आत राहतो, आणि तेवढ्या काळात बीजांडकोशावरचा आधीचा पीतपिंड (स्त्रीबीज सुटलेल्या जागी तयार होणारी, प्रोजेस्टेरॉन स्रवणारी गाठ) आपोआप विरून जातो; मात्र स्पंजातून झिरपणारे प्रोजेस्टेरॉन मेंढीला माजावर येऊ देत नाही. स्पंज काढला की ही अडवणूक एकदम संपते आणि बहुतेक मेंढ्या पुढच्या एक ते अडीच दिवसांत माज दाखवतात. स्पंज काढताना पीएमएसजीचे, म्हणजे गाभण घोडीच्या रक्तद्रवापासून मिळवलेल्या संप्रेरकाचे, इंजेक्शन देण्याची पद्धत आहे. त्याने स्त्रीबीज सुटण्याची वेळ अधिक जुळते.

वापरण्याच्या सोयीबद्दल दोन गोष्टी नोंदवतो. नळी जंतुनाशकात बुडवून, थोडी वरच्या दिशेला कललेली ठेवून सावकाश सरकवली तर व्यालेल्या मेंढीला फारसा त्रास होत नाही. अजून न व्यालेल्या तरुण मेंढीत मात्र घाई केली की जखम होते, आणि स्पंज आतच चिकटण्याची भीतीही त्यांच्यातच अधिक असते. आमच्याकडे आलेल्या एका संचातील नळीची कड खरखरीत होती आणि ती बारीक कागदाने घासून घ्यावी लागली. या किमतीच्या वस्तूत असे होऊ नये. बाहेर राहणारी दोरी आखूड कापली नाही तर शेजारची मेंढी ती चघळते आणि स्पंज बाहेर येतो. काढताना दोरी खालच्या दिशेने एकसारखी ओढली की स्पंजामागून गढूळ, उग्र वासाचा द्रव भळकन बाहेर येतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला मेंढीला काहीतरी मोठा विकार झाला असे वाटते, पण इतके दिवस योनीमार्ग अडलेला असल्याने हा स्राव साचतो आणि स्पंज निघाल्यावर तो एक-दोन दिवसांत थांबतो. हातमोजे घालणे हा सल्ला औपचारिकतेचा नाही. हे संप्रेरक कातडीतून शरीरात जाते, आणि घरातील गर्भवती स्त्रीने तर या कामाला हातच लावू नये.

माजाच्या बाबतीत निकाल स्पष्ट होता. छातीला गेरू आणि तेल लावलेले मेंढे सोडल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बहुतेक मेंढ्यांच्या पाठी लाल झाल्या होत्या. येथे एक व्यावहारिक अडचण येते. नेहमीच्या हंगामात एक मेंढा मोठा कळप सांभाळतो, पण एकाच दिवशी माजावर आलेल्या कळपाला दहा मेंढ्यांमागे एक तरी मेंढा हवा; नाहीतर शेवटच्या मेंढ्यांपर्यंत पोचेस्तोवर त्याचे वीर्य विरळ झालेले असते. कृत्रिम रेतनाने हा प्रश्न सुटेल असे वाटते, परंतु मेंढीच्या गर्भाशयाचे मुख आतून वळ्यावळ्यांचे असल्यामुळे रेतन नळी पार जात नाही, आणि गोठवलेल्या वीर्याने चांगला निकाल हवा असेल तर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेपर्यंत जावे लागते. सामान्य मेंढीपालकाने पुरेशा नरांची सोय आधी करावी आणि मगच स्पंजाची मागणी नोंदवावी.

लाल पाठी पाहून आम्ही समाधानी होतो तेव्हा कळप राखणारे मामा म्हणाले, “माजावर समद्या आल्या, पर राहिल्या किती ते अजून कळायचंय.” या उत्पादनाची खरी कसोटी हीच आहे आणि ती स्पंज काढल्यानंतर सुरू होते, म्हणून परीक्षणाचा मोठा भाग मी तिच्यावर खर्च करणार आहे.

फळलेले स्त्रीबीज चौथ्या-पाचव्या दिवशी गर्भाशयात उतरते. आठव्या-नवव्या दिवशी ते आपल्या कवचातून बाहेर पडते आणि सोळाव्या दिवसाच्या सुमारास गर्भाशयाच्या अस्तराला चिकटू लागते. म्हणजे गर्भाशयात आल्यापासून दीड आठवड्याहून अधिक काळ हा भ्रूण कशालाच जोडलेला नसतो. त्याला वार नसते, आईच्या रक्ताशी थेट संबंध नसतो. तो ज्यावर जगतो तो केवळ गर्भाशयातील ग्रंथींचा स्राव असतो. मेंढीच्या गर्भाशयात कॅरंकल म्हणतात तसे गुंडीसारखे उंचवटे असतात, त्यांवर पुढे वार जोडली जाते. या उंचवट्यांवर ग्रंथी नसतात. त्यांच्या मधल्या जागेत मात्र ग्रंथींचे दाट जाळे असते आणि तेथून ग्लुकोज, अमिनो आम्ले, वाढीचे घटक आणि ऑस्टिओपॉन्टिनसारखी चिकटण्यास मदत करणारी प्रथिने गर्भाशयाच्या पोकळीत येतात. या स्रावाला फार पूर्वीपासून गर्भाशयाचे दूध म्हटले जाते, आणि त्यातील मुख्य प्रथिनांचे शास्त्रीय नावही तेच पडले आहे.

हा स्राव नसेल तर काय होते, याचे उत्तर अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठातील प्रयोगांनी दिले. मेंढीच्या गर्भाशयातील ग्रंथी जन्माच्या वेळी तयार नसतात. त्या जन्मानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत वाढतात. त्या काळात मादी कोकरांना नॉर्जेस्टोमेट हे कृत्रिम प्रोजेस्टेरॉन सतत दिले गेले तेव्हा त्यांच्या गर्भाशयात ग्रंथी तयारच झाल्या नाहीत. मोठ्या झाल्यावर या मेंढ्यांना मेंढा दाखवला असता गर्भधारणा टिकली नाही. स्त्रीबीज फळत होते, पण भ्रूण लांब होण्याआधीच मरत होता. जे संप्रेरक प्रौढ मेंढीच्या गर्भाशयातील स्राव चालू करते तेच चुकीच्या वयात दिल्यास स्रावाची सारी यंत्रणा नष्ट करते. स्पंज लहान कोकरांना कोणी बसवत नाही हे खरे, पण ‘प्रोजेस्टेरॉन म्हणजे गर्भाचे टॉनिक’ अशी जी ढोबळ समजूत विक्रीच्या बोलण्यातून पसरते तिच्यावर हा उतारा पुरेसा आहे.

स्राव चालू करणारे हे प्रोजेस्टेरॉन कोठून येते, हा मुद्दा या उत्पादनाच्या दृष्टीने निर्णायक आहे. ते स्पंजातून येत नाही, कारण स्पंज तोपर्यंत काढून टाकलेला असतो. ते स्त्रीबीज सुटलेल्या जागी तयार होणाऱ्या नव्या पीतपिंडातून येते. त्याचे रक्तातील प्रमाण जितक्या लवकर वाढते तितका स्राव लवकर सुरू होतो आणि भ्रूण जोमाने वाढतो. बाराव्या दिवशी जेमतेम एक-दोन सेंटीमीटरचा असलेला भ्रूण चौदाव्या-पंधराव्या दिवशी दहा सेंटीमीटर आणि त्याहून अधिक लांबीच्या धाग्यासारखा होतो. ही वाढ होणे आवश्यक असते, कारण याच काळात त्याच्या बाहेरच्या थरातून इंटरफेरॉन टाऊ हे प्रथिन स्रवते आणि गर्भाशयाला गर्भाच्या अस्तित्वाची वर्दी देते. एरवी चौदा ते सोळा दिवसांच्या दरम्यान गर्भाशय ऑक्सिटोसिन या संप्रेरकाच्या प्रभावाखाली प्रोस्टाग्लॅन्डिन या द्रव्याचे झटके सोडते आणि पीतपिंड विरघळवते. इंटरफेरॉन टाऊ गर्भाशयाच्या अस्तरात ऑक्सिटोसिनचे ग्राहक, म्हणजे त्याला प्रतिसाद देणारे रेणू, तयार होऊ देत नाही, म्हणून पीतपिंड वाचतो, प्रोजेस्टेरॉन टिकते आणि स्राव चालू राहतो. भ्रूण लहान राहिला तर वर्दी अपुरी पडते, आणि मेंढी कधीच गाभण नव्हती अशा थाटात पुन्हा माजावर येते.

केंब्रिजमध्ये मूर आणि रॉसन यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले की भ्रूण बाराव्या-तेराव्या दिवसापर्यंत गर्भाशयात असेल तरच पीतपिंडाचे आयुष्य वाढते. याचा आपल्या गोठ्यातील उपयोग फार सरळ आहे. स्पंजानंतरच्या माजात फळवलेली मेंढी बरोबर १७ दिवसांच्या आसपास उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली, तर एक तर स्त्रीबीज फळलेच नाही किंवा भ्रूण वर्दी देण्याआधी गेला. ती पंचवीस दिवसांनी किंवा त्याहून उशिरा उलटली, तर बहुधा भ्रूण होता, त्याने वर्दीही दिली होती, आणि तो नंतर दगावला. पहिल्या प्रकारात मेंढा, रेतनाची वेळ आणि खुराक तपासावा. दुसऱ्या प्रकारात आजार, उष्णतेचा ताण किंवा कळपाची धावपळ शोधावी. स्पंजाचा एक मोठा फायदा येथेच दिसतो आणि तो विक्रेत्यांनी सांगितलेला मी ऐकलेला नाही: सर्व मेंढ्यांची तारीख एकच असल्यामुळे उलटण्याचा हा हिशोब प्रथमच नीट लावता येतो. विखुरलेल्या हंगामात तो कोणालाही जमत नाही.

स्पंजाच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. व्याल्यानंतर बराच काळ माजावर न आलेल्या मेंढीत स्त्रीबीज सुटले तरी पहिला पीतपिंड अनेकदा अल्पायुषी ठरतो, कारण गर्भाशयाला त्याआधी प्रोजेस्टेरॉनची सवय झालेली नसते आणि ते प्रोस्टाग्लॅन्डिन वेळेआधीच सोडते. स्पंजातील बारा दिवसांचे प्रोजेस्टेरॉन ही पूर्वतयारी करून देते. नुसते पीएमएसजी टोचून माज आणण्यापेक्षा आधी स्पंज बसवणे शहाणपणाचे असण्याचे कारण हे आहे.

स्पंज काढल्यानंतर जास्तीत जास्त बिघाड खुराकाने होतो, आणि तो चांगल्या हेतूने होतो. फळवण्यापूर्वी दोन-तीन आठवडे मेंढ्यांना मका किंवा पेंड वाढवून देणे योग्यच आहे, कारण त्याने स्त्रीबीजे अधिक सुटतात. पण मेंढी फळल्यावरही तोच भरमसाट खुराक चालू ठेवला जातो. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की गाभणकाळाच्या सुरुवातीला गरजेच्या दुप्पट आहार दिलेल्या मेंढ्यांच्या रक्तातील प्रोजेस्टेरॉन घटले आणि गाभण राहण्याचे प्रमाणही घसरले. जास्त खाल्ल्याने यकृताकडे जाणारा रक्तप्रवाह वाढतो आणि यकृत प्रोजेस्टेरॉनचा निचरा अधिक वेगाने करते. पीतपिंड काम करत असतो, पण त्याचा माल गर्भाशयापर्यंत पोचत नाही. त्यामुळे फळल्यानंतरचे तीन आठवडे खुराक मध्यम ठेवावा, मेंढ्यांना अचानक उपाशीही पाडू नये, आणि लांबची चाल, जंतनाशके, लोकर कातरणी, वाहतूक ही सगळी कामे या काळातून बाहेर काढावीत. दिवाळीनंतर कोकणात उतरणाऱ्या कळपांना तर स्पंजाची तारीख चालीच्या तारखेशी जुळवूनच धरावी लागेल.

भ्रूणाला आधार म्हणून फळवल्यानंतर लगेच प्रोजेस्टेरॉनची इंजेक्शने देण्याचा सल्लाही कानावर येतो. टेक्सासमधील प्रयोगांत फळवल्यानंतर दीड दिवसापासून प्रोजेस्टेरॉन दिल्यावर भ्रूणाची वाढ खरोखरच लवकर झाली होती. तरीही मी हा सल्ला मानणार नाही. चक्राच्या अगदी सुरुवातीला बाहेरून दिलेले प्रोजेस्टेरॉन गर्भाशयाचे घड्याळच पुढे सरकवते, आणि मग पीतपिंड वेळेआधी विरघळण्याचा धोका राहतो. प्रयोगशाळेत तारखा तासांनी मोजल्या जातात, आपल्याकडे त्या गेरूच्या डागावरून ठरतात.

पीएमएसजीच्या मात्रेविषयी आमच्या भागातील मेंढीपालकांनी विशेष सावध राहिले पाहिजे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातील गारोल मेंढीकडून आलेला फेकबी हा जुळ्यांचा जनुक दख्खनी मेंढीत आणला, आणि तो वाहणाऱ्या मेंढ्या आता अनेक कळपांत मिसळलेल्या आहेत. या मेंढ्यांचा बीजांडकोश मुळातच संप्रेरकाला तीव्र प्रतिसाद देतो. त्यांना साध्या दख्खनी मेंढीइतकीच मात्रा टोचली तर तीन-चार स्त्रीबीजे सुटू शकतात, आणि मग ग्रंथींचा स्राव व वार जोडायची जागा त्या सर्वांत वाटली जाते. वजनाने कमी, दूध ओढायला अशक्त अशी तिळी कोकरे हा नफा नसून उन्हाळ्यातील डोकेदुखी असते. अशा मेंढ्यांत इंजेक्शन वगळून केवळ स्पंज वापरणे, किंवा मात्रा पशुवैद्यकाकडून कमी करून घेणे, मला अधिक योग्य वाटते. संचात मात्र सर्वांसाठी एकच मात्रा छापलेली होती.

तीन आठवडे पार पडले की चित्र बदलते. पन्नासाव्या दिवसानंतर वार स्वतः पुरेसे प्रोजेस्टेरॉन तयार करू लागते आणि पीतपिंडावरचे अवलंबन संपते. ग्रंथींचे काम मात्र संपत नाही. वारेतील दुहेरी केंद्रकाच्या पेशी प्लॅसेंटल लॅक्टोजेन हे संप्रेरक सोडतात, वारेतूनच वाढीचे संप्रेरकही येते, आणि प्रोजेस्टेरॉनच्या जोडीने ही दोन्ही गर्भाशयाच्या ग्रंथींना आधी संख्येने आणि नंतर आकाराने वाढवतात. म्हणजे सुरुवातीला आईच्या संप्रेरकावर जगणारा गर्भ नंतर आपल्यासाठीचा स्राव स्वतःच वाढवून घेतो. या टप्प्यावर स्पंजाचा काहीच संबंध उरलेला नसतो, त्यामुळे चौथ्या महिन्यात मेंढी गाभडली तर त्याचा दोष स्पंजाला देणे अन्यायाचे आहे. त्या वेळी रोगतपासणी करून घ्यावी.

विण्याच्या तारखांबाबतही अपेक्षा आवरून धरावी. फळण्याची तारीख एक असली तरी सगळ्या मेंढ्या एका रात्रीत वीत नाहीत. त्या साधारण १५० दिवसांच्या अलीकडे-पलीकडे काही दिवसांत पसरतात. विण्याचा क्षण कोकराच्या अधिवृक्क ग्रंथीतून येणारे कॉर्टिसोल ठरवते, हे न्यूझीलंडच्या लिगिन्स यांनी मेंढ्यांवरच सिद्ध केले; त्या कॉर्टिसोलमुळे वारेतील प्रोजेस्टेरॉन इस्ट्रोजेनमध्ये बदलू लागते आणि गर्भाशय आकुंचन पावते. तरीही विखुरलेल्या हंगामापेक्षा हा पसारा कितीतरी आटोपशीर असतो. रात्रपाळीला माणूस ठेवणे, कोकरांचे लसीकरण एकत्र उरकणे आणि बकरी ईदसाठी लोणंदच्या बाजारात एका वयाचे नर नेणे, या तिन्ही बाबतींत आम्हाला फायदा झाला.

खर्चाचे गणित कळपाच्या आकारावर ठरते. पीएमएसजीची कुपी अनेक मेंढ्यांपुरती असते, आणि द्रावण एकदा तयार केले की ते लगेच संपवावे लागते, म्हणून चार-पाच मेंढ्यांसाठी हा प्रपंच परवडत नाही. पशुवैद्यकाची फेरी, जास्तीचे मेंढे आणि चाळीस दिवसांनंतरची सोनोग्राफी हे खर्च मूळ किमतीत धरावेत. सोनोग्राफी मी ऐच्छिक मानत नाही, कारण तिच्याशिवाय स्पंज यशस्वी झाला की नाही हे पाच महिने कळत नाही, आणि रिकाम्या मेंढ्या तोवर खुराक खात राहतात. शंभर मेंढ्यांच्या अर्धबंदिस्त कळपाला, खुराकावर ताबा असलेल्या आणि नोंदवही नीट ठेवणाऱ्या मालकाला, हे उत्पादन मी घ्यायला सांगेन. भटक्या वाड्याला पावसाच्या तोंडावर नैसर्गिक माज मिळतो, आणि तेथे त्याची गरज मला दिसत नाही.

माहितीपत्रकात उत्पादकांनी काही गोष्टी घालाव्यात: फळल्यानंतरच्या तीन आठवड्यांचा खुराक, सतराव्या दिवशी पुन्हा मेंढा दाखवण्याची सूचना, आणि फेकबी मेंढ्यांसाठी वेगळी मात्रा. वापरलेल्या स्पंजात संप्रेरकाचा बराच अंश शिल्लक असतो आणि वासामुळे कुत्री ते उकरून काढतात. ते उकिरड्यावर न टाकता खोल खड्ड्यात चुन्यासह पुरावेत, हेही ठळक अक्षरांत छापायला हवे.